कस्टम ड्युटी रद्द झाली? आधी बिल ऑफ एन्ट्री दुरुस्त करा

कोर्टाने आयात शुल्क बेकायदा ठरवलं की लोक थेट रिफंडचा अर्ज टाकतात आणि तो परत येतो. कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या आयटीसी कंपनीच्या खटल्यातील निकालानुसार मूळ असेसमेंट (बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडच्या घोषणापत्रावर, ठरलेलं शुल्क) बदलल्याशिवाय रिफंड मिळत नाही.

1. कस्टम्स कायद्याच्या कलम 149 खाली बिल ऑफ एन्ट्रीत दुरुस्ती मागा. माल सोडवताना अस्तित्वात असलेलीच कागदपत्रं चालतात. नाहीतर कलम 128 चं अपील. त्याला 60 दिवस, वर फार तर 30.
2. मग कलम 27 खाली रिफंड. मुदत शुल्क भरल्यापासून एक वर्ष. निषेध नोंदवून भरलं असेल तर ही मुदत लागत नाही, म्हणून वाद दिसताच ‘अंडर प्रोटेस्ट’ लेखी कळवून ठेवा. एका पत्राचं काम!
3. सोबत शुल्क भरल्याचं चलन आणि सीएचं प्रमाणपत्र: शुल्काचा बोजा ग्राहकावर टाकलेला नाही.

दावे अडकतात ते बहुतेक या तिसऱ्या मुद्द्यावर. रिफंडची रक्कम ताळेबंदात ‘कस्टम्सकडून येणे’ अशी दाखवा. खर्चात टाकली, की ती विक्रीच्या किमतीत वसूल झाली असं अधिकारी धरतात. मग मंजूर रक्कमही तुमच्याऐवजी सरकारच्या ग्राहक कल्याण निधीत जाते.