स्वस्तातला फील्ड रेकॉर्डर घेताय? या चुका टाळा

दिवाळी सरली की आमच्याकडे जत्रांचा हंगाम लागतो आणि माझा फोन वाजायला लागतो. "काका, पंधरा हजारांत कुठला रेकॉर्डर घेऊ?" कुणाला पालच्या खंडोबाची यात्रा टिपायची असते, कुणाला माणदेशातले धनगरी ढोल, कुणाला आजीच्या जात्यावरच्या ओव्या. हेतू चांगलाच असतो. पण विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा यंत्र आधीच मागवलेलं असतं, त्याला फक्त मान डोलावणारा माणूस हवा असतो. चुका मात्र दरवर्षी त्याच.

सगळे पैसे यंत्रातच घालणं

पंधरा हजार असतील तर यंत्राला दहा. उरलेल्यात कान पूर्ण झाकणारा हेडफोन, वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, टेबलावर उभा राहील एवढा ट्रायपॉड, दोन कार्डं आणि चार्ज होणारे सेल. हेडफोनशिवाय रेकॉर्डिंगला निघणाऱ्याला मी सल्लाच देत नाही. मोबाइलचे इयरफोन चालतील का, हेही विचारू नका. बाहेरचा ढोल थेट कानात येत असताना यंत्रात काय जातंय ते त्यातून कळत नाही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

"24 बिट, 96 किलोहर्ट्झ" वाचलं की लोकांचे डोळे चमकतात. 24 बिट, म्हणजे आवाजाची बारकाई, घ्याच; पण आवाजाचे नमुने घ्यायचा वेग 48 किलोहर्ट्झ पुरे. स्टिरिओत तासाला साधारण 1 जीबी होतं; 96 ला त्याच्या दुप्पट. अंगचे माईक 20 किलोहर्ट्झच्या आसपासच दमतात, मग वरची जागा कशानं भरणार? वटवाघळं टिपायची असतील तर गोष्ट वेगळी, पण त्यासाठी माईकही वेगळे लागतात.

बघायचं असतं ते यंत्राच्या स्वतःच्या खरखरीकडे. बाहेरचा माईक जोडणार असाल तर माहितीपत्रकात इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज नावाचा आकडा शोधा; तो जितका जास्त उणे, तितकी खरखर कमी. झूम एफ-3 सारख्या यंत्रात तो उणे 127 डीबीयू आहे. खिशात मावणाऱ्या स्वस्त यंत्रांत बऱ्याचदा उणे 110 च्या अलीकडे-पलीकडे. जत्रेतल्या ढोलाला यानं काही फरक पडत नाही. पहाटेच्या कोयनेकाठी पाखरं टिपायला गेलात की पाखरांमागे सतत 'स्स्स' ऐकू येतं.

माझी चाचणी साधी. यंत्र घरी आलं की रात्री लाइट जायची वाट बघायची. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्ही बंद. गेन, म्हणजे यंत्र आवाज किती वाढवून घेतं ते, चढवायचा, पाच मिनिटं रेकॉर्ड करायचं आणि हेडफोननं ऐकायचं. परत करायची मुदत संपायच्या आत हे करा. मुदत उलटल्यावर माझ्याकडे येऊन उपयोग नाही.

ऑटो लेव्हल चालू ठेवणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि सतारमेकर गल्लीत रेकॉर्डर घेऊन येणारी पोरं वाढली. त्यातलाच एक सांगलीचा. कारागीर जवारी लावतानाचा आवाज त्याला हवा होता. घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकतो, तार छेडली जाते, आणि सपाट वाजणारा स्वर एकदम उघडतो. विषय झकास निवडला होता पोरानं. अख्खी दुपार रेकॉर्ड केलं, घरी जाऊन ऐकलं आणि यंत्र परत पाठवून महागातलं मागवलं. पुन्हा मिरज, पुन्हा तीच रड. मग माझ्याकडे.

"काका, हा माईक पण बोगस निघाला हो."

मी फाइल लावली. तार छेडल्यावर स्वर सुंदर उठत होता. तो ओसरायला लागला की मागून गल्लीतली स्कूटर वर येत होती, मग शेजारच्या कारागिराची कानस, मग कुणाच्या तरी चपलांची फरफर. पुढची तार छेडली की सगळं धपकन खाली. तानपुऱ्याची सगळी गंमत स्वर विरत जाण्यात, आणि नेमकं तेवढंच यंत्रानं खाऊन टाकलं होतं.

माईक धडधाकट होते. मेनूत लेव्हल ऑटोवर होती. आवाज बारीक झाला की ऑटो गेन वाढवतं, मोठा झाला की दाबतं. मीटिंगमधलं बोलणं टिपायला ठीक, वाद्याला घातक. त्यावर कळस म्हणजे खालचे जाड आवाज कापणारं लो-कट 120 हर्ट्झवर चालू. काळी एकला लावलेल्या तानपुऱ्याचा खरज, म्हणजे सगळ्यात खालचा स्वर, असतो 70 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे खरजाचा पायाच कापून टाकलेला. दोन यंत्रं झाली, पण मेनू एकदाही उघडला नव्हता. पुस्तिका वाचायला अर्धा तास लागतो. नवं यंत्र मागवायला अर्धा मिनिट लागतं, म्हणून लोक तेच करतात.

माझी सवय सांगतो. ऑटो बंद, लो-कट बंद. कारागिराला विनंती करायची, "उस्ताद, सगळ्यात जोरात छेडाल तेवढं एकदा छेडा." मीटरची उडी उणे 12 डीबीच्या आसपास राहील असा गेन लावायचा आणि नंतर हात लावायचा नाही. 24 बिटात आवाज थोडा बारीक आला तरी नंतर वाढवता येतो. फाटलेला शिवता येत नाही, "सॉफ्टवेअरमध्ये बघू" म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

आता झूम एच-1 इसेन्शियलसारख्या छोट्या यंत्रातही 32 बिट फ्लोट आलंय, त्यात गेन लावायची भानगडच नाही. चांगली सोय आहे. पण माईकची कॅप्सूलच, म्हणजे आतला आवाज पकडणारा भाग, ढोलाच्या दणक्यानं गुदमरली, तर बिट कितीही असोत, आवाज फाटणारच. ढोलापासून चार पावलं मागे सरका.

वाऱ्याला स्पंजची टोपी दाखवणं

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांचा आवाज म्हणून एकानं मला फाइल पाठवली होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत भडभडभड. खूप कान देऊन ऐकलं तेव्हा त्यामागे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा सापडल्या. पवनचक्की कुठे नव्हतीच.

यंत्रासोबत मिळणारी स्पंजची टोपी 'प' आणि 'फ' बोलताना येणारी फुंकर अडवते, झुळूकही सोसते. कासच्या पठारावरचा किंवा सज्जनगडाच्या तटावरचा वारा तिला जुमानत नाही. वारा माईकच्या जाळीवर आपटून तिथेच भोवरे करतो आणि त्यांचा दाब कॅप्सूलवर येतो. तो इतका जोरकस असतो की लेव्हल तिथेच लाल होते, आणि फाटल्यानंतर लो-कट लावून फारसं काही हाती लागत नाही.

त्यातही माईकच्या जातीनं फरक पडतो. झूम एच-1एनवरचे एक्स-वाय माईक दिशा धरणारे आहेत, त्यांना वारा जास्त बाधतो. टॅस्कॅम डीआर-05एक्सचे माईक सगळीकडून ऐकणारे, ते वाऱ्याला आणि हाताच्या घासण्याला थोडे जास्त सोसतात. पठारावर भटकणारा असाल तर मी दुसरं सुचवेन. नाटक-मुलाखतीवाल्यानं पहिलं घ्यावं. कव्हर मात्र दोघांनाही लागतं.

डेड कॅट नावानं तयार केसाळ कव्हर मिळतं. मी घरी शिवतो. खेळण्यांच्या दुकानातलं लांब केसांचं कापड घ्यायचं, मागून तोंड लावून फुंकायचं; हवा आरपार गेली तरच ते घ्यायचं, नाही तर वाऱ्याबरोबर आवाजही अडेल. कव्हर माईकला चिकटून बसता कामा नये, आत बोटभर पोकळी हवी. पावसात भिजलं की वाळवून फणीनं विंचरायचं. आणि वाऱ्याकडे पाठ करून खाली बसा, जमिनीलगत वारा मंद असतो. कासला बसताना फुलांवर बसू नका, एवढं तरी कळावं.

बाकीच्या, थोडक्यात

टॅस्कॅम डीआर-40एक्स किंवा झूम एच-4एन सारख्या यंत्रांत रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की दिवा फक्त लुकलुकतो. दुसऱ्यांदा दाबल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं. आकडे पळताना दिसल्याशिवाय गायकाला "सुरू करा" म्हणू नका.

48 व्होल्टवर चालणारा मोठा माईक साध्या साडेतीन मिलिमीटरच्या जॅकला अडॅप्टर लावून चालत नाही. आधी यंत्र फँटम पॉवर, म्हणजे माईकला लागणारे ते 48 व्होल्ट, देतं का बघा, आणि देत असेल तर सेल भराभर उतरतात हेही धरून चाला.

चार्ज होणारे सेल घातले की मेनूत सेलचा प्रकार बदला, नाही तर सेलची पातळी चुकीची दिसते.

एच-1एनला 32 जीबीपर्यंतचंच कार्ड चालतं. कार्ड कुठलंही असो, यंत्रातच फॉरमॅट करा.

यंत्र हातात धरून रेकॉर्ड करू नका. बोटांची चरचर ओवीपेक्षा मोठी येते.

सुरुवातीला गाव, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव तोंडानं बोला. त्याआधी त्या माउलीची परवानगी घ्या आणि तिचाच आवाज तिला हेडफोनवर ऐकवा. पुढची ओवी न मागता मिळते.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर हेडफोन लावून जॅकमधली पिन हलकेच फिरवा. खरखर आली तर विकणारा कितीही ओळखीचा असो, चहा प्या आणि मोकळ्या हातानं घरी या.