जंगलात श्रमदानाला जाताय? या चुका टाळा

जंगलात माजलेली घाणेरीची झुडपं काढायला आलेल्या नव्या माणसाच्या हातात कोयता दिसला की मी तो आधी बाजूला ठेवायला सांगतो. लोक हिरमुसतात. कोयत्याने काम झरझर होतं, तासाभरात जागा मोकळी दिसते, फोटोही छान येतात. पण घाणेरी वरून छाटणं म्हणजे तिला नवे फुटवे फोडायला मदत करणं. जंगलातल्या श्रमदानात इतकी वाया जाणारी मेहनत मी दुसरी पाहिलेली नाही, म्हणून आधी याच चुकीबद्दल सविस्तर लिहितो.

घाणेरी, म्हणजेच टणटणी, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती शोभेचं झुडूप म्हणून भारतात आली आणि पक्ष्यांनी फळं खाऊन तिचं बी रानोमाळ पसरवलं. खोड आणि मूळ जिथे जुळतात, त्या जमिनीलगतच्या भागातून तिला पुन्हा फूट येते. तो भाग जमिनीत राहिला तर वरचं कितीही कापा, ती परत उभी राहते.

एकदा उन्हाळ्यात एक मोठा गट आला आणि त्यांनी एका सकाळीच अख्खा उतार कोयत्याने साफ केला. सांगूनही कुणी कुदळ हातात घेतली नाही. कापलेल्या फांद्या उचलून नेण्याचा कंटाळा, म्हणून त्यांचा ढीग नाल्याच्या काठी रचला. पावसाळा सरला तेव्हा प्रत्येक खुंटाला चारही बाजूंनी फुटवे आले होते आणि आतला खुंट आणखी गाठाळ झाला होता. नाल्याकाठी जिथे जिथे फांदी ओल्या मातीला टेकली, तिथे तिने मूळ धरलं होतं. आधी नुसत्या उतारावर असलेली घाणेरी आता पाण्याच्या वाटेवरही आली. ते सगळं निस्तरायला आम्हाला मूळ कामाच्या कितीतरी पट वेळ गेला. तो गट मात्र पुन्हा आला नाही.

दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सोपी पद्धत दिली आहे. सोटमूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर तोडायचं, जाळी उपटायची आणि मुळं आभाळाकडे करून उलटी ठेवायची. आम्ही हे काम जोडीने करतो. एक जण लांब काठीने फांद्या मागे दाबून धरतो, दुसरा कुदळीचा घाव तिरका घालतो. मुळाची माती झटकून झाडोरा खडकावर टाकतो, मातीवर कधीच नाही. फळं काळी होण्याआधी काम उरकायचं. पिकलेली फळं लागलेली फांदी जंगलातून ओढत नेली की वाटभर पेरणीच होते.

दुसरी चूक तितकीच जिव्हारी लागते. साफसफाईच्या भरात दिसेल ते झुडूप उपटायचं. घाणेरीच्या काटेरी जाळीत शेळ्यांची तोंडं पोचत नाहीत, त्यामुळे करवंदाची आणि इतर स्थानिक झाडांची रोपं बऱ्याचदा तिथेच तग धरून असतात. भारंगी या रानभाजीच्या झुडपाचाही असाच बळी जातो. तिचं खोड घाणेरीसारखंच चौकोनी आणि पानांच्या कडा दातेरी, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. खोडावरून बोट फिरवा. घाणेरीला बहुतेक वेळा बारीक, वाकडे काटे लागतात, भारंगीला नाहीत. पान चुरगाळा. घाणेरीचा उग्र दर्प बोटांना चिकटतो, भारंगीला तो नसतो. करवंदाचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. ही ओळख पटेपर्यंत कुदळ उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही आधी जाळीत वाकून बघतो, ठेवायच्या रोपांना रंगीत चिंधी बांधतो आणि मगच खणायला लागतो. नवीन माणसाची पहिली सकाळ यातच जाते. काहींना ते आवडत नाही, पण माझा त्याला इलाज नाही.

उन्हाळ्यात मोकळी दिसणारी जमीन रिकामी समजून तिथे खड्डे मारू नका. शेवळ्याचे आणि मुसळीचे कंद त्याच मातीत पावसाची वाट बघत असतात.

रोपाला आधार म्हणून गिरिपुष्पाची ओली काठी रोवू नका. ती जगते आणि रोपाच्या डोक्यावर जाते.

पालापाचोळा गोळा करून जाळू नका. पडलेलं लाकूडही उचलू नका. त्यातच माती तयार होते आणि ओल टिकते.

बीजगोळे फेकून जंगल उभं राहतं, यावर माझा विश्वास नाही. त्यात सुबाभळीचं बी भरलेलं मी पाहिलं आहे, आणि पसरलेली सुबाभूळ काढायला पुन्हा आम्हालाच जावं लागतं.

परवानगीशिवाय खणू नका. राखीव वनात जमीन खोदणं, झाडोरा तोडणं किंवा आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. वनरक्षकाला आधी भेटा. कुठल्या भागाला हात लावायचा नाही, हेही तोच सांगतो.

एकदा काढलं की झालं, असं धरून चालू नका. जमिनीत बी असतंच. पुढचे काही पावसाळे त्याच जागी परत जा आणि पक्षी बसतात त्या झाडांखाली आधी बघा. कोवळं रोप ओल्या मातीतून दोन बोटांनी निघतं, तेच पुढे कुदळीला दाद देत नाही.

चप्पल घालून आलेल्याला आम्ही कामाला लावत नाही. बंद बूट, पूर्ण बाह्या आणि जाड हातमोजे हवेतच. कानात इअरफोन नको. कुदळ चालवणाऱ्या दोघांत निदान दोन दांड्यांचं अंतर ठेवा. जाळीच्या बुडाशी हात घालण्याआधी काठीने पाचोळा हलवा, कारण फुरसं हा विषारी साप लहान असतो आणि पाचोळ्यात दिसत नाही. चावलंच तर जखम कापायची नाही, आवळून बांधायची नाही, माणसाला चालवायचं नाही. थेट रुग्णालय गाठायचं. त्यासाठी गाडी कुठे उभी आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हे काम सुरू करण्याआधी सगळ्यांना ठाऊक असलं पाहिजे.