सात संध्याकाळी, दोन अध्याय: बायबलमधली निर्मितीकथा कशी अभ्यासावी

लहानपणी संडे स्कूलमध्ये मी निर्मितीकथा पाठ केली ती परीक्षेच्या उत्तरासारखी. पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी अंतराळ, तिसऱ्या दिवशी जमीन आणि झाडे. क्रम बिनचूक सांगितला की शाबासकी मिळायची. तो क्रम अजून पाठ आहे. पण त्या पानांत आपल्या कामाविषयी, सुटीविषयी, पायाखालच्या जमिनीविषयी काही लिहिलेले आहे हे मला पुष्कळ वर्षांनी, चार जणांबरोबर हळूहळू वाचताना कळले. त्या वाचनातून जी पद्धत हाती लागली ती इथे देत आहे.

बायबल कधीच उघडलेले नसले तरी हे जमेल. मजकूर छोटा आहे: उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय, मिळून छप्पन वचने. सलग वाचायला दहा मिनिटे पुरतात. आपण त्यांना एक आठवडा द्यायचा, रोज संध्याकाळी अर्धा तास. संध्याकाळच का, तर कथेतला दिवस संध्याकाळपासून मोजलेला आहे. आधी संध्याकाळ होते, मग सकाळ. यहुदी लोकांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, आजही शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो. म्हणून सुरुवात शनिवारी संध्याकाळी करा. सातवी संध्याकाळ आपोआप शुक्रवारची येईल.

दोन भाषांतरे जवळ ठेवा. एक बायबल सोसायटीचे नेहमीचे ‘पवित्र शास्त्र’. दुसरे पंडिता रमाबाईंचे मिळाले तर फार चांगले. केडगावला राहून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले, ते १९२४ साली छापून झाले. जुने मराठी जड वाटत असेल तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ घ्या. शिवाय एक साधी वही आणि शक्यतो एक सोबती. नवरा, बायको, शेजारी, कोणीही चालेल. पण त्या माणसाने तुमच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावू नये.

पहिली संध्याकाळ: मोठ्याने वाचा

पहिल्या अध्यायापासून दुसऱ्याच्या तिसऱ्या वचनापर्यंत मोठ्याने वाचा. मधे थांबून अर्थ लावू नका. लोकलमध्ये मोबाइलवर वाचता येईल, पण हे पहिले वाचन तसे करू नका, कारण हा मजकूर कानासाठी रचलेला आहे. आपल्या भाषेला हे नवीन नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले ते ओवीत, म्हणून दाखवण्यासाठी. मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने तर एकोणिसाव्या शतकात बायबलच्या कथांवर कीर्तने रचली. वाचताना जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते ऐका आणि नंतर वहीत उतरवा. आज एवढेच.

दुसरी संध्याकाळ: पेन्सिल घेऊन मोजा

देव किती वेळा बोलतो ते मोजा. दहा वेळा. ‘चांगले’ हा शब्द मोजा. सात वेळा, आणि सातव्यांदा ‘फार चांगले’. आता कोणत्या दिवशी तो शब्द येतच नाही ते शोधा. दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि तिसऱ्या दिवशी दोनदा येतो. जुन्या यहुदी भाष्यकारांनी याचे कारण दिले आहे: पाण्याचे काम दुसऱ्या दिवशी अर्धेच झाले होते, ते तिसऱ्या दिवशी पुरे झाले. अर्ध्या कामाला चांगले म्हणायचे नाही.

मग वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे पहिला, दुसरा, तिसरा दिवस; उजवीकडे चौथा, पाचवा, सहावा. पहिल्या दिवशी प्रकाश, तर चौथ्या दिवशी प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, तर पाचव्या दिवशी पाखरे आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, तर सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. आधी घर, मग त्यात राहणारे. ही मांडणी एकदा डोळ्यांसमोर आली की “सूर्य चौथ्या दिवशी, मग पहिले तीन दिवस कसे झाले?” या प्रश्नाचा रोखच बदलतो. हा प्रश्न आधुनिक विज्ञानाने काढलेला नाही. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानानेही तो विचारला होता.

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. ही गोष्ट ते वय सांगायला लिहिलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. विश्व प्रसरण पावते आहे हे १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते, आणि आपले गणित उत्पत्तीच्या पुस्तकाला जोडू नये असे त्यांचेच म्हणणे होते. सोबत्याशी या मुद्द्यावर वाद होईल. दहा मिनिटे होऊ द्या, मग पुढे चला.

तिसरी संध्याकाळ: पाणी

आज समुद्रावर जा. दादर, वरळी, माहीम, जे जवळ असेल ते. भरतीची वेळ असली तर उत्तम. दुसरे वचन आणि सहा ते दहा ही वचने तिथे वाचा.

प्राचीन इस्राएलच्या कल्पनेत खोल पाणी म्हणजे बेबंद गोंधळ. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) लोकांची जी निर्मितीकथा मातीच्या सात पाट्यांवर सापडली, तिच्यात मार्दूक हा देव तियामत या समुद्रदेवीला मारतो, तिचे शरीर चिरतो आणि त्यातून आकाश आणि पृथ्वी करतो. उत्पत्तीत खोल पाण्यासाठी ‘तहोम’ हा हिब्रू शब्द आहे, तियामतच्या नावाशी नाते सांगणारा. पण इथे लढाई होत नाही. देव बोलतो, पाणी बाजूला होते, जमीन दिसते. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पडले आणि यहुदी बंदिवान बाबेलात नेले गेले. विजेत्यांची ती गोष्ट ज्यांच्या कानावर पडत होती, त्यांना ही शांत गोष्ट किती धीर देणारी वाटली असेल याचा विचार करा.

मुंबईकराला हे भाग समजावून सांगावे लागत नाहीत. आपले शहर सात बेटांमध्ये भराव घालून उभे राहिले. जमीन आणि पाणी इथे माणसांनी वेगळे केले. आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाणी आपल्या जुन्या जागी परत आले. कथेत पाण्याला जागा नेमून दिली जाते, त्याला नाव मिळते, आणि त्यातल्या जीवांना आशीर्वादही मिळतो. मिठी नदीला, खाडीला, कांदळवनाला आपण कोणती जागा ठेवली? याचे उत्तर वहीत लिहा, आणि त्यात आपल्या वस्तीजवळच्या एखाद्या नाल्याचे किंवा खाडीचे नाव असू द्या.

चौथी संध्याकाळ: प्रतिरूप

सव्वीस ते एकतीस ही वचने वाचा. त्या काळी मिसर (इजिप्त) आणि बाबेलात ‘देवाचे प्रतिरूप’ ही पदवी राजाला लावत. इथे ती सगळ्या माणसांना दिली आहे, नर आणि नारी दोघांना. बाबेलच्या कथेत माणूस देवांचे कष्ट उपसण्यासाठी घडवला जातो. हा फरक माझ्या दृष्टीने या अध्यायाचा गाभा आहे. सिग्नलला काचेवर टकटक करणाऱ्या मुलाकडे आपण कसे पाहतो, याच्याशी त्याचा थेट संबंध आहे.

“सत्ता चालवा” हे शब्द इथेच येतात, आणि त्यांचा आधार घेऊन पुष्कळांनी जंगले तोडली. म्हणून एकोणतिसावे आणि तिसावे वचन सोडू नका. सत्ता मिळालेल्या माणसाला खायला दिली आहेत ती धान्ये आणि फळे. मारायला परवानगी दिलेली नाही. आणि पशुपाखरांचा वाटाही त्याच दमात सांगितला आहे.

पाचवी संध्याकाळ: दुसरा अध्याय

दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून सूर बदलतो. ‘देव’ ऐवजी ‘परमेश्वर देव’ येते. क्रमही बदलतो, माणूस झाडांच्या आधी येतो. दोन्ही गोष्टी ओढूनताणून एक करू नका. ज्यांनी पुस्तक जुळवले त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी राहू दिल्या.

या अध्यायातले तीनच शब्द धरा. ‘अदामा’ म्हणजे माती; तिच्यापासून घडला तो ‘आदाम’. मराठीत म्हणायचे तर मातीचा तो मातीतला. ‘एझेर’ म्हणजे साहाय्यक; भाषांतरात ‘अनुरूप साहाय्यक’ वाचले की बायको म्हणजे हाताखालची असे पुष्कळांना वाटते, पण जुन्या करारात हा शब्द बहुतेक ठिकाणी खुद्द देवासाठी वापरला आहे. आणि तिसरा शब्द पंधराव्या वचनातला. माणसाला एदेन बागेत ठेवले ते मशागत आणि राखण करायला. यातल्या ‘राखण’ला हिब्रूत ‘शामर’ आहे. पीक उभे असताना शेतातल्या माळ्यावर बसून त्याची राखण केलेला माणूस घरात असेल तर त्याला या वचनाबद्दल विचारा. आमच्या गटातल्या एका आजोबांनी यावर जे सांगितले ते मला कुठल्या भाष्यात मिळाले नव्हते: राखणदार रात्री जागतो, आणि शेत त्याचे नसते.

सहावी संध्याकाळ

नवीन काही वाचू नका. बायबलच्या स्तोत्रसंहितेतले स्तोत्र १०४ एकदा म्हणा आणि वही चाळा. ऋग्वेदातले नासदीय सूक्त आठवत असेल तर ते शेजारी ठेवून वाचायला हरकत नाही, पण “दोन्हीकडे एकच सांगितले आहे” असे घाईने म्हणू नका. सूक्त शेवटी प्रश्नावर थांबते, उत्पत्ती विसाव्यावर. दोघांचा मान यातच आहे की त्यांना वेगळे राहू द्यावे.

सातवी संध्याकाळ: थांबणे

शुक्रवार. दुसऱ्या अध्यायाची पहिली तीन वचने. सातव्या दिवसाला “संध्याकाळ झाली, सकाळ झाली” हे शब्द नाहीत, पाहिलेत? तो दिवस कथेत संपतच नाही. आता निर्गम या बायबलच्या दुसऱ्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली आठ ते अकरा वचने आणि अनुवाद या पाचव्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातली बारा ते पंधरा वचने वाचा. विसाव्याची आज्ञा एकच आहे, कारणे दोन दिली आहेत: एका ठिकाणी, देवाने सहा दिवसांत जग केले म्हणून; दुसऱ्या ठिकाणी, तुम्ही मिसरात गुलाम होता म्हणून. आणि थांबायचे आहे ते तुम्ही, तुमचा दास, दासी, बैल, गाढव, आणि वेशीच्या आतला परका, सगळ्यांनी.

कोकणच्या किनाऱ्यावर स्थायिक झालेले बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांनी १७९६ साली स्थापन केलेले सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, आजही मुंबईत मशीद बंदरच्या बाजूला उभे आहे. आणि ज्या गिरणगावात कामगाराला आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती, तिथे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांचे म्हणणे होते. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. तरीही अनुवादमधले ते वचन मला मुंबईत नीट समजले ते त्यांच्यामुळे.

आता वहीच्या शेवटच्या पानावर तुमच्या सुटीच्या दिवशी तुमच्यासाठी काम करणाऱ्यांची यादी करा. धुणीभांडी करणाऱ्या ताई, वॉचमन, रविवारी दुपारी जेवण घेऊन येणारा मुलगा. प्रत्येकासमोर त्यांचा सुटीचा वार लिहा. माहीत नसेल तर या आठवड्यात विचारा. ताईंना वार नसेल तर एक ठरवा, पगार न कापता, आणि त्या दिवशीची भांडी आपण घासा.

तिसऱ्या अध्यायातल्या सापाला या आठवड्यात हात लावू नका. त्याला वेगळा महिना लागतो.