आमच्या ऑफिसात १०८ लावला की अकाउंटला लागायचा

मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत मला कॉम्प्युटर बघायचं काम मिळालं. दुसऱ्याच आठवड्यात शेठ म्हणाले, "तेवढे फोनपण बघा की." जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलं आतले-बाहेरचे फोन जोडणारं यंत्र, काढून नवे आयपी फोन, म्हणजे कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे फोन, आणले होते. लावणारा माणूस चिठ्ठी ठेवून गेला होता. यूजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन.

लॉगिनला घाबरू नका. फोनच्या मेनूत आयपी अ‍ॅड्रेस दिसतो, तो ब्राउझरमध्ये टाकला की पान उघडतं. फक्त लॅपटॉप त्याच नेटवर्कवर हवा. आधी तो पासवर्ड बदला. परदेशी कॉलची गरज नसेल तर ते बंदच करून टाका, नाहीतर कुणीतरी रात्रीत घुसून बाहेरदेशी बोलतं आणि बिल पेढीवर येतं. मग एक्स्टेन्शनचा (त्या फोनचा ऑफिसातला) नंबर, त्याचा पासवर्ड, कॉल जोडून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता भरा. 'रजिस्टर्ड' दिसलं नाही तर पासवर्ड पुन्हा टाइप करून बघा, बहुतेक वेळा तिथंच चुकलेलं असतं.

माझी फजिती झाली ती नंबर वाटताना. मी ओळीनं १०१ पासून सुरुवात केली. काउंटर १०१, शेठ १०२, असं करत अकाउंटच्या मॅडमना १०८ आला. कागदावर झकास दिसत होतं.

मार्चात, सौदे जोरात असताना, वखारीत पोत्यांची थप्पी सरकली आणि एका हमालाचा पाय अडकला. मुकादमांनी भिंतीवरचा फोन उचलून १०८ लावला.

"बोला, कुठलं बिल?" मॅडम.

"अहो, गाडी पाठवा लवकर!"

"टेम्पो तर मघाशीच गेला की."

शेवटी कुणीतरी मोबाइलवरून अँब्युलन्स बोलावली. पाय मोडला नव्हता, नशीब. मुकादम मला काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्या संध्याकाळी सगळे नंबर २०१ पासून केले. १००, १०१, १०८, ११२ हे आत कुणाला द्यायचेच नाहीत. आमच्याकडं बाहेरच्या लाइनसाठी आधी शून्य दाबतात, पण घाईत ते कुणाला आठवणार? म्हणून हे चार नंबर शून्य लावून आणि न लावता, दोन्ही प्रकारे बाहेर जातील असा नियम डायल प्लॅनमध्ये, म्हणजे कुठला नंबर कुठं जायचा ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, घातला.

एकाच बाजूचा आवाज येत असेल तर फोन बदलत बसू नका. घंटी वाजवणारा निरोप साधारण ५०६० पोर्टवरून जातो, आवाज मात्र वेगळ्या पोर्टांवरून. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे जाता-येता कॉलच्या निरोपात फेरफार करणारं सेटिंग, बंद करून बघा. आमचं त्यानंच सुटलं. घड्याळ चुकत असेल तर टाइम झोन ग्रिनिच वेळेच्या ५:३० तास पुढे करा.

आणि लाइट. जुना फोन लाइट गेली तरी चालायचा, हा नेटवर्कच्या वायरीतूनच करंट घेतो, स्विच बंद तर फोन बंद. शेठकडं दोन यूपीएस मागितले, एकच मिळाला. सर्व्हर, राउटर, स्विच तिन्ही त्यावरच चढवलेत.