रात्री झोपताना "उद्या चार्ट न्यायचाय": यावर लागू पडलेला उपाय

परीक्षा, स्नेहसंमेलन आणि प्रकल्प एकाच पंधरवड्यात आले की दुसरीतल्या मुलीला नेमकं अंथरुणात पडल्यावर आठवायचं, उद्या काहीतरी न्यायचंय. मोबाइलचा रिमाइंडर वाजायचा तो माझ्यासाठी, तिच्यासाठी नाही. फ्रिजवरचं रंगीत वेळापत्रक कोणी बघेना. वैताग नुसता!

चाललं ते असं. रविवारी डायरी आणि पालकांच्या ग्रुपवरच्या सूचना समोर घेऊन सगळ्या तारखा एकाच कागदावर उतरवल्या. मग प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी 'सामान आणायचं' असं लिहिलं. खरी गोम इथेच होती: प्रकल्प कधी द्यायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, कार्डशीट कधी आणायचं हे कोणीच लिहीत नाही. कागद लावला दप्तर ठेवायच्या जागी, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. रोज जेवणाआधी तिनेच उद्याची ओळ मोठ्याने वाचायची, दप्तर भरायचं आणि मगच खूण करायची. खूण आधी झाली तर दप्तर अर्धवट राहतं.

झोपेची वेळ मात्र हलवायची नाही. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. दोन कामं एकाच दिवशी आली, तर छोटं आदल्या दिवशी उरकायचं. मुदतवाढ हवी असेल तर शिक्षकांना रविवारीच विचारून टाका.