कारखाना वेर्ण्याला, कार्यालय पणजीला: नेटवर्क सुरक्षा हाती घेताना

नवी फायरवॉल (नेटवर्कमधली ये-जा तपासून नको ती अडवणारी यंत्रणा) घेण्याची घाई नको. आधी स्विचची (उपकरणं केबलने एकमेकांना जोडणारी पेटी) मॅक आणि एआरपी टेबलं, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या पत्त्यांच्या याद्या, काढून खरेदीच्या नोंदींशी ताडून पाहा. सीसीटीव्हीचे रेकॉर्डर, हजेरीची यंत्रं, ठेकेदाराने ठेवून दिलेला फोर-जी राउटर इथेच सापडतात.

मग विभागणी. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे नियंत्रक), कार्यालयीन संगणक, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वाय-फाय यांना वेगळे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे आभासी वेगळे भाग) द्या. पण तेवढ्याने भागत नाही. त्यांच्यामधली वाहतूक फायरवॉलमधूनच गेली पाहिजे, नाहीतर लेयर-३ स्विच (एका व्हीलॅनची वाहतूक दुसऱ्यात स्वतःच वळवणारा) सगळ्यांना आपसांत मोकळं रान देतो. पीएलसीशी बोलणाऱ्या साध्या मॉडबस प्रोटोकॉलला (पोर्ट ५०२) पासवर्डच नसतो, म्हणून पीएलसीपर्यंत वाट फक्त स्काडा सर्व्हरला (यंत्रांवर देखरेख ठेवणारा संगणक). फायरवॉलचे नियम लावण्याआधी महिनाभर वाहतुकीची नुसती नोंद घ्या. महिनाअखेरचे व्यवहार सुटले तर नेमका पगार अडकतो आणि वरिष्ठ सगळे नियम काढायला लावतात.

पुरवठादारासाठी ३३८९ पोर्ट (दुरून संगणक चालवायच्या रिमोट डेस्कटॉपचा) इंटरनेटवर उघडा ठेवू नका. व्हीपीएन (इंटरनेटवरून सांकेतिक, बंदिस्त जोडणी), त्यावर एमएफए (पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा), पुढे जंप सर्व्हर (आत शिरायचा एकमेव मधला संगणक). काम संपलं की खातं बंद.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची असते आणि लॉग (यंत्रणांनी ठेवलेल्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. चवथीच्या सुट्टीत हे कोण कळवणार, ते नावानिशी ठरवा. सगळ्या उपकरणांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळवा, नाहीतर दोन लॉगांचा मेळ बसत नाही.

आणि हो, दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको, फायबरच घाला. पावसाळ्यातल्या विजा तांब्यावाटे स्विच जाळतात.