ठाण्याचे रस्ते नि किल्ले मॅपवर नीट टाका

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर, 'हायवे' टॅग (रस्त्याला किंवा जागेला लावायचं लेबल) बघून दचकू नका, तिथे गल्लीबोळसुद्धा हायवेच, फक्त पुढची व्हॅल्यू बदलते, म्हणजे वस्तीतला रस्ता रेसिडेन्शियल, सोसायटीच्या आतला सर्व्हिस. रस्ता रुंद झाला म्हणून प्रायमरी (मोठा, मुख्य रस्ता) करू नका प्लीज, त्याचं महत्त्व बघा. बेलापूरच्या किल्ल्याला 'हिस्टॉरिक=फोर्ट' द्या आणि पडझड झालीये म्हणून 'रुइन्स=येस' पण. ठाण्याचा किल्ला, 1737 ला मराठ्यांनी जिंकलेला, आज तिथे जेल आहे, मग किल्ला नि जेल असे दोन्ही टॅग हवेत, एक पुसून दुसरा नको, इतिहास मॅपवरून गेला की वाईट वाटतं हो. नाव पाटीवरचंच, मराठीत. गुगल मॅप्सवरून कॉपी अजिबात नाही, परवानगी नसते, स्वतः चालत जाऊन बघा.